महिन्यातून एक तास: घरातले पैसे आणि घरातले बेत एकाच वहीत

आम्ही दोघंही कमावत होतो. उधळपट्टी कोणी करत नव्हतं, आणि मोठं घर घ्यायचं याबद्दल तीन वर्षं बोलणं चाललं होतं. एका संध्याकाळी नवऱ्याने सहज विचारलं, "घरासाठी आत्तापर्यंत किती बाजूला पडलेत गं?" खाती उघडून पाहिली. पैसे होते. पण त्यातले घराचे किती, सासूबाईंच्या औषधपाण्याचे किती आणि पुढच्या महिन्याच्या हप्त्याचे किती, हे दोघांनाही सांगता येईना. बेत बोलण्यात होते, पैसे खात्यात होते, आणि त्यांची एकमेकांशी गाठ कधी पडलीच नव्हती.

ही गाठ घालायला महिन्यातून एक तास पुरतो. गेली आठ वर्षं आम्ही तो काढतो आहोत. सुरुवातीला जिथे जिथे अडलो, ते ध्यानात ठेवून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे.

दिवस आणि माणसं

पगार जमा झाल्यावर आणि महिन्याचे मोठे हप्ते कापले गेल्यावर दोन-तीन दिवसांनी बसा. तेव्हा खात्यातला आकडा खरा असतो. त्याआधी बसलात तर खातं भरलेलं दिसतं आणि उगाच मोकळेपणा वाटतो; महिनाअखेरीस बसलात तर सगळेच वैतागलेले असतात. सुट्टीची सकाळ उत्तम. रात्री जेवणं उरकल्यावर, दमलेल्या डोक्याने हा विषय काढू नका. आमच्या पहिल्या दोन्ही बैठका रात्री दहा वाजता झाल्या आणि दोन्ही भांडणात संपल्या.

घरातले पैसे एकच माणूस सांभाळत असेल, तर दुसऱ्याने बसणं जास्त गरजेचं आहे. "मला त्यातलं कळत नाही, तूच बघ" हे वाक्य प्रेमाचं वाटतं, पण सांभाळणारा माणूस महिनाभर आजारी पडला की घर अडून बसतं. दर दोन महिन्यांनी वही दुसऱ्याच्या हातात द्या. लिहिणाऱ्यालाच हिशेब समजतो, नुसतं ऐकणाऱ्याच्या तो डोक्यावरून जातो. दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुलं शेवटची पंधरा मिनिटं येऊन बसू शकतात. कर्जाचे आकडे त्यांना ऐकवायची गरज नाही, पण घराचे बेत त्यांचेही असतात. एकट्याने राहणाऱ्यांनीही हा तास काढावा. जमलं तर विश्वासातल्या एका मित्राला किंवा बहिणीला नुसतं कळवावं, की आज बसलो होतो आणि अमुक ठरवलं.

पहिली बैठक फक्त यादीची

पहिल्या खेपेला एक तास पुरत नाही, दोन लागतात. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही, कुठला खर्च तोडायचा नाही, कुणाला बोल लावायचा नाही. फक्त लिहून काढायचं: खाती कुठली, ठेवी किती, गुंतवणूक कुठे, कर्जं कुणाची, विमा कसला, आणि खात्यातून आपोआप काय काय कापलं जातं. मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट्स समोर ठेवा. वर्षातून एकदाच येणारे खर्च शोधायला मात्र बारा महिने मागे जावं लागतं.

आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा नीट वाचा. व्यायामाच्या एका ॲपचं सबस्क्रिप्शन आमच्या खात्यातून चौदा महिने जात होतं. वापरलं होतं जेमतेम दोन. रक्कम लहान होती म्हणून ती कधी टोचली नाही, आणि टोचली नाही म्हणून दिसलीही नाही.

कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी जोडीदारापासून लपवून ठेवलेली असेल, तर ती याच दिवशी सांगून टाका. समोरच्याने ती ऐकून घ्यावी आणि त्यावरचं बोलणं पुढच्या बैठकीवर टाकावं. सांगणाऱ्याला आधी बोलून मोकळं होऊ द्या. त्याच दिवशी उलटतपासणी झाली, तर पुढच्या वेळी खरा आकडा वहीत येणार नाही.

वहीतलं एक पान

ॲप चालेल, स्प्रेडशीट चालेल. आम्ही साधी रेघांची वही वापरतो, कारण ती टेबलावर मध्ये ठेवता येते आणि दोघांना एकदम दिसते. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. तिकडे अशा वहीला काकेइबो म्हणतात आणि आजही लोक ती हाताने लिहितात. हाताने आकडा लिहिताना माणूस क्षणभर थांबतो, आणि ते थांबणं कामाचं असतं.

आमचं पान असं असतं. वर महिना आणि तारीख. त्याखाली मागच्या बैठकीत काय ठरलं होतं ते, आणि पुढे "झालं" किंवा "राहिलं" एवढंच. मग सहा ओळी: महिन्यात आले किती, गेले किती, उरले किती; एकूण देणी किती; राखीव पैसे किती महिने पुरतील; आणि प्रत्येक बेताच्या नावाने किती जमलेत. उजवीकडे मागच्या महिन्याचा आकडा. तळाला मोकळी जागा, नव्या निर्णयासाठी.

यातली राखीव पैशांची ओळ नीट समजून घ्या. हा आकडा रकमेत लिहू नका, महिन्यांत लिहा. टाळता येत नाहीत असे महिन्याचे खर्च ४५,००० असतील आणि राखीव १,८०,००० असेल, तर लिहायचं "४ महिने". रकमेत लिहिलं की ती भरपूर वाटते. महिन्यांत लिहिलं की नोकरी गेली तर किती दिवस श्वास घेता येईल ते दिसतं. पक्की नोकरी असलेल्यांनी तीन ते सहा महिन्यांचा खर्च राखीव ठेवावा असं सहसा सांगितलं जातं. घरात एकच कमावणारा असेल किंवा कमाई कधी कमी कधी जास्त होत असेल, तर सहाच्याही पुढे जा. हे पैसे एक-दोन दिवसांत हातात येतील अशाच जागी हवेत. दीर्घ मुदतीत अडकवलेली रक्कम यात धरू नका.

वर्षातून एकदा याच पानावर आपली एकूण ऐपतही काढा: मालकीचं जे काही आहे त्यातून सगळी देणी वजा. दर महिन्याला ही वजाबाकी करायची गरज नाही. राहत्या घराची किंमत महिन्याला अंदाजाने फुगवत बसलं की सगळंच पान अंदाजाचं होतं.

कमाई अनियमित असलेल्यांनी मागच्या बारा महिन्यांतला सगळ्यात कमी कमाईचा महिना धरून घर चालवायची आखणी करावी. त्याच्या वर आलेली रक्कम आधी राखीव खात्यात टाकावी आणि दुबळ्या महिन्यात तिथूनच उचलावी.

खर्च कुठे निसटतो

खर्चाचे पंचवीस रकाने पाडू नका. दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि वही बंद पडते. घर, किराणा, प्रवास, शिक्षण, आरोग्य, हप्ते, मौज आणि इतर, एवढे आठ बस्स झाले. "इतर" मधली रक्कम बाकी सगळ्यांपेक्षा मोठी झाली, तरच तो रकाना फोडून पाहा.

खरी गळती बहुतेक वेळा दोन ठिकाणी असते. एक आठवड्यांची. भाजी, किराणा, पेट्रोल हे खर्च आठवड्याच्या हिशेबाने होतात आणि आपण महिना म्हणजे चार आठवडे धरून चालतो. वर्षाचे आठवडे ५२. बारा चोक ४८. म्हणजे वर्षातल्या चार आठवड्यांच्या खर्चाची तरतूदच झालेली नसते. आठवड्याचा खर्च ५२ ने गुणा आणि १२ ने भागा, की खरा महिना निघतो. एवढी एक दुरुस्ती केल्यावर आमचं "महिनाअखेर ओढाताण का होते" हे कोडं निम्मं सुटलं.

दुसरी गळती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, लग्नकार्यातला आहेर. यांना आपण "अचानक आलेला खर्च" म्हणतो, पण यातलं अचानक काहीच नसतं. तारीखसुद्धा बहुतेकदा माहीत असते. मागच्या वर्षी अशा खर्चांवर प्रत्यक्ष किती गेले त्याची बेरीज करा, बाराने भागा, आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. अंदाज करू नका, मागचा आकडा घ्या. आपलं काम किती वेळात आणि किती खर्चात उरकेल याचा अंदाज माणसं बहुतेकदा कमीच करतात, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. मागच्या वेळचा अनुभव गाठीशी असूनही आपण तेच करतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक ठरावीक रक्कम अशी ठेवा, जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. लहान असली तरी चालेल. आमची भांडणं थांबली ती या रकमेमुळे. त्याआधी मी एखादी ओळ वाचून "हे एवढे कशाला?" म्हणायचे आणि तो गप्प व्हायचा, मग पुढचा सगळा तास गप्पच जायचा. आता बैठकीत मागच्या खर्चाबद्दल आम्ही एकमेकांना एवढंच विचारतो: "हा पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे का?"

कर्ज: हप्ता नको, मुद्दल लिहा

बहुतेक लोकांना आपला हप्ता तोंडपाठ असतो आणि शिल्लक मुद्दल ठाऊक नसतं. वहीत मुद्दल लिहा. समजा, १२ टक्के वार्षिक व्याजाने एक लाखाचं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता २,२२४ च्या आसपास बसतो. पहिल्या हप्त्यातले १,००० व्याजात जातात, मुद्दलात फक्त १,२२४. पहिल्या वर्षभरात तुम्ही जवळजवळ २६,७०० भरता आणि मुद्दल उतरतं साधारण १५,५०० ने. हे पाहिल्यावर हातात आलेली जादा रक्कम कर्जात लवकर भरली तर जास्त फायदा का होतो, ते वेगळं समजवावं लागत नाही. मुदतीआधी भरण्यावर शुल्क आहे का, ते मात्र कर्जाच्या कागदात आधी पाहून घ्या.

क्रेडिट कार्डाची थकबाकी सगळ्यात आधी. व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. बिलावर छापलेली किमान रक्कम भरली की दंड टळतो, कर्ज मात्र जवळपास तिथेच राहतं.

कर्जं अनेक असतील तर कुठलं आधी फेडायचं? हिशेब सांगतो, सर्वांत जास्त व्याजाचं. मीही तेच सांगेन, पण एक सूट देऊन. एखादं छोटं कर्ज दोन-तीन महिन्यांत मिटण्यासारखं असेल, तर ते आधी मिटवा. वहीतली एक ओळ कायमची कमी झाली की पुढच्या कर्जाला भिडायला बळ येतं, आणि मोकळा झालेला हप्ता लगेच दुसरीकडे वळवता येतो.

बेत: रक्कम आणि तारीख

"कधीतरी घर घेऊ" हा बेत नाही. किती आणि कधीपर्यंत, हे दोन्ही लिहिलं की भागाकार करता येतो: उरलेली रक्कम भागिले उरलेले महिने. उत्तर झेपत नसेल तर तारीख पुढे ढकला, रक्कम कमी करा किंवा दुसरा एखादा बेत थांबवा. हे तीनच मार्ग आहेत, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे एकमेकांशी बोलूनच ठरतं. बैठकीतला सर्वांत मोलाचा वेळ हाच. त्यासाठी आधीचे आकडे वीस मिनिटांत उरका.

एका वेळी तीनपेक्षा जास्त बेत चालू ठेवू नका. बाकीचे मागच्या पानावर लिहून ठेवा. ते रद्द झालेले नसतात, रांगेत असतात.

लांबच्या बेताला महागाई धरावी लागते. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: ७२ ला दराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते निघतं. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आजचा खर्च बारा वर्षांत दुप्पट होणार. आज सहा वर्षांच्या असलेल्या मुलाच्या कॉलेजासाठी साठवताना आजची फी धरून चालणार नाही, हे एवढ्यावरून कळतं.

प्रत्येक बेताला वेगळं खातं किंवा निदान वेगळं नाव द्या. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलंय, की माणूस मनातल्या मनात पैशाचे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्याला वेगळ्या नियमाने वागवतो. "मुलीचं शिक्षण" असं नाव दिलेल्या खात्याला सहजासहजी हात लागत नाही. या सवयीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. "सहलीच्या" खात्यात चार टक्क्यांनी पैसे पडून आहेत आणि कार्डावर बेचाळीस टक्क्यांचं देणं आहे, असं अनेक घरांत चाललेलं असतं. तिथे सहलीचा कप्पा फोडून कार्ड मिटवावं आणि कप्पा पुन्हा भरायला घ्यावा.

सगळे बेत पैशांचे नसतात. सासूबाईंना दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे कोण नेणार, नवऱ्याची रात्रपाळी कधी सुटणार, मी अर्धवट सोडलेला कोर्स कधी पूर्ण करणार, हेही आम्ही त्याच पानावर लिहितो. पैसे वाचवण्यासाठी घरातलं एकच माणूस सगळा भार उचलत असेल, तर ते खर्चाच्या ओळींत दिसत नाही. विचारावं लागतं.

आमची मुलगी अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा बैठकीत बसली. तिला कीबोर्ड हवा होता. आकडा लिहिला, दरमहा किती टाकता येतील ते तिच्यासमोरच ठरवलं, आणि तिने स्वतः भागाकार करून सांगितलं, "आई, म्हणजे नऊ महिने." मग तिने वहीच्या कडेला नऊ चौकोन काढले आणि दर महिन्याला एक रंगवला. सहाव्या महिन्यात खर्चाने डोकं वर काढलं आणि रक्कम टाकता आली नाही. आम्ही तिला तसं सांगितलं. तिने तो चौकोन रिकामा ठेवला आणि शेवटी एक नवा जोडला. ते पान आजही वहीत आहे, दहा चौकोनांचं, त्यातला एक कोरा.

एक निर्णय, नाव आणि तारीख

तास संपताना एक निर्णय लिहा. फार तर दोन. "खर्च कमी करायचा" असं लिहू नका. "शिक्षणाच्या खात्यात दरमहा २,००० जादा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते करायचे, काम नवऱ्याचं, १० तारखेपर्यंत" असं लिहा. जे आपोआप होऊ शकतं ते आपोआपच होऊ द्या. महिनाअखेर जे उरेल ते साठवू, असं म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही.

घडी बसली की, साधारण चौथ्या महिन्यापासून, प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं एका जादा विषयाला द्या: एका महिन्यात विमा, एका महिन्यात क्रेडिट रिपोर्ट (आपण कर्जं कशी फेडली याची नोंद), एकात मृत्युपत्र, एकात खात्यांचे नॉमिनी, म्हणजे आपल्या पश्चात पैसे ज्यांच्या हाती द्यायचे म्हणून बँकेत नोंदवलेली नावं. नॉमिनीचा विषय पुढे ढकलू नका. माझे वडील गेल्यावर त्यांच्या एका जुन्या खात्यावर माझ्या आजीचं नाव निघालं, जी त्यांच्या आधी नऊ वर्षं गेली होती. कोणाची चूक नव्हती. नाव बदलायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ते पैसे सोडवायला आईला अकरा महिने खेटे घालावे लागले. लग्न, जन्म, घटस्फोट, मृत्यू यांपैकी काहीही घडलं, की त्याच महिन्याच्या पानावर "नॉमिनी" हा शब्द लिहा. आणि कुठला कागद कुठल्या कपाटात आहे याची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. पासवर्ड आणि पिन मात्र वहीत कधीच नकोत.

एखादा महिना चुकेल. कोणी आजारी पडेल, प्रवास निघेल. तेव्हा मागच्या महिन्याचं पान भरून काढायला बसू नका, तिथेच सगळा उत्साह संपतो. नवं पान घ्या, आजची तारीख टाका, सहा ओळींतल्या शेवटच्या तीन तेवढ्या लिहा: देणी, राखीव महिने आणि बेतांत जमलेली रक्कम. त्याला वीस मिनिटं लागतात. वही मिटण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख लिहा आणि दोघांच्या फोनमध्ये टाका.